सहाणेवरची सवय

दिवाळीचा अंक हाती घ्यावा, फराळाची ताटली शेजारी ओढावी, आणि चार पाने उलटतात न उलटतात तोच डॉक्टरने पुढ्यात येऊन गोळ्यांच्या गोष्टी सुरू कराव्यात, ह्यासारखा रसभंग दुसरा नाही. हे मला कबूल आहे. पण ह्या सदराचे वाचक मला इतकी वर्षे सहन करीत आले आहेत, तेव्हा आणखी एकदा करतील. शिवाय आज सांगायची आहे ती गोष्ट औषधाची कमी आणि खलबत्त्याची अधिक आहे.

आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आपणही अण्णाच म्हणू. वय ऐंशी. 2023 च्या आषाढात त्यांना अर्धांगाचा हलकासा झटका आला. दोन आठवड्यांत हातपाय पुष्कळसे सावरले, पण गिळण्याची ताकद काही पूर्ववत झाली नाही. पाणी प्यायले की ठसका, गोळी जिभेवर ठेवली की ती तिथेच. रुग्णालयातून घरी सोडताना कुणीतरी जाता जाता सांगितले, "गोळ्या बारीक करून देत जा." एवढेच. कोणत्या गोळ्या, कशात, हे सांगणाऱ्याने सांगितले नाही आणि ऐकणाऱ्यांनी विचारले नाही.

वहिनी, म्हणजे अण्णांच्या सूनबाई, कामाला पक्क्या. त्यांनी त्याच दिवशी माळ्यावरचा पितळी खलबत्ता काढला, चिंचेने लखलखीत घासला, आणि सकाळच्या साऱ्या गोळ्या एकत्र कुटून, मधात खलून, चमच्याने चाटवण्याचा परिपाठ सुरू केला. अण्णा मुकाट्याने चाटत. चव अशी असे की एक मात्रा चाटून झाल्यावर त्यांना पाच मिनिटे कुणाशी बोलावेसे वाटत नसे.

ह्या प्रकाराला महिना होत आला होता. श्रावणात मी त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब पुन्हा वर गेलेला दिसला. मी आधीची साधी गोळी बंद केली आणि तिच्या जागी निफेडिपीनची, दिवसभर सावकाश पाझरत राहणारी गोळी लिहून दिली. चहा घेतला आणि उठलो. पहिल्या दिवशी औषध चाटल्यावर अण्णांचा चेहरा लाल झाला, छातीत धडधडले. घरच्यांना वाटले, उकाडा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तासाच्या आत ते न्हाणीघराच्या उंबऱ्यात कोसळले. भुवईवर चार टाके पडले. मी धावत वर गेलो तेव्हा रक्तदाबाचा वरचा आकडा नव्वदच्याही खाली होता. दुसरा झटका आला की काय, ह्या भीतीने रुग्णालयात नेले, डोक्याचा स्कॅन केला. सुदैवाने नवीन काही नव्हते.

संध्याकाळी मी वहिनींना विचारले, "सकाळी औषध कसं दिलंत?"

"नेहमीसारखं. कुटून."

मी तिथल्या खुर्चीत बसलो. वहिनींचा चेहरा उतरला होता, पण चूक त्यांची नव्हती. गिळता न येणाऱ्या माणसाला मी न गिळता चालणार नाही अशी गोळी लिहून दिली, आणि "घेता कशी?" हा चार अक्षरी प्रश्न विचारला नाही. हे मी त्यांच्यापुढे बोलून दाखवले. इथेही लिहून ठेवतो.

आता घडले काय ते सांगतो. त्या गोळीत जवळजवळ चोवीस तास पुरेल इतके औषध भरलेले असते. ते एकदम सुटू नये, थेंबाथेंबाने सुटावे, म्हणून गोळीची बांधणीच तशी केलेली असते. धरणाच्या दारातून कालव्याला पाणी सोडावे तसे. खलबत्त्यात घालून आपण ते धरणच फोडले. चोवीस तासांचे औषध अर्ध्या तासात रक्तात आले, रक्तवाहिन्या एकदम सैल पडल्या आणि दाब कोसळला. अण्णा चार टाक्यांवर निभावले. 2003 साली अमेरिकेतल्या एका औषधविषयक नियतकालिकात अशाच एका रोग्याची हकिकत छापून आली होती. हीच सावकाश सुटणारी निफेडिपीनची गोळी कुटून, दुसऱ्या एका रक्तदाबाच्या औषधाबरोबर नळीतून दिली गेली, आणि तो रोगी दगावला. देणारे घरचे नव्हते, रुग्णालयातले होते.

ही सवय आपल्याला आली कुठून? मला वाटते, सहाणेवरून. आपल्या घरांत औषध म्हणजे उगाळायची, कुटायची, खलायची वस्तू. बाळाला गुटी द्यायची तर हिरडा, वेखंड, जायफळ ह्यांचे मोजून वळसे घ्यायचे. म्हाताऱ्यांना मात्रा द्यायची तर मधात खलून. आजीच्या हाताला जे वळण लागले तेच आईच्या आणि तेच सुनेच्या. हिरडा कुठेही घासा, तो आतून बाहेरून हिरडाच. पण आजची गोळी तशी नाही. तिच्यात आत एक आणि बाहेर एक असे पुष्कळदा असते.

गोळीचा पूर्वेतिहास मात्र गमतीचा आहे. विल्यम ब्रॉकडन नावाच्या इंग्रज चित्रकाराला चांगले शिसे मिळेना, म्हणून शिशाची भुकटी साच्यात दाबून घट्ट वड्या करण्याची युक्ती त्याने काढली. त्याच युक्तीने औषधाच्या गोळ्याही दाबता येतील असे त्याच्या ध्यानात आले आणि 1843 साली त्याने दोन्हींसाठी मिळून पेटंट घेतले. म्हणजे आपली गोळी ही पेन्सिलीची सख्खी बहीण! सावकाश सुटणारे औषध बाजारात गाजले ते त्यानंतर शंभरएक वर्षांनी, 1952 साली. त्या कॅप्सुलीत बारीक बारीक कण असत आणि प्रत्येकावर कमीजास्त जाडीचे लेप असत, म्हणजे काही कण आधी विरघळावेत आणि काही मागाहून. असो. पेन्सिलीकडून पुन्हा अण्णांकडे येऊ.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर साऱ्या पट्ट्या मांडायला सांगितल्या. आठ औषधे निघाली. एकेकीची झडती घेतली.

निफेडिपीन तर तत्काळ रद्द केली. तिच्या जागी आमलोडिपीन दिली. इथे एक बारकावा आहे, तो समजून घ्या. आमलोडिपीनही दिवसातून एकदाच घ्यायची, पण तिची गोळी साधी असते. ते औषध मुळातच शरीरात सावकाश जिरते आणि सावकाश जाते. निफेडिपीनचे औषध चपळ असते आणि गोळीने त्याला वेसण घातलेली असते. म्हणून "दिवसातून एकदाच घ्यायची, म्हणजे कुटू नये" हा नियम खरा नाही, आणि उलटाही खरा नाही. वेसण औषधाच्या स्वभावात आहे की गोळीच्या बांधणीत, हे पाहावे लागते.

दुसरी, आम्लपित्ताची पँटोप्राझोल. हिच्यावर पोटातल्या आम्लात न विरघळणारा लेप असतो, कारण हे औषध आम्लात टिकत नाही. लेपासकट पोट ओलांडून आतड्यात गेले तरच त्याचा उपयोग. कुटल्यावर ते पोटातच वाया जाते. "डॉक्टर, गोळी चालू आहे तरी जळजळ काही जात नाही," असे अण्णा महिनाभर म्हणत होते, आणि मी तिखट कमी करा म्हणून सांगत होतो. बिचाऱ्यांचे लोणचेसुद्धा बंद झाले होते!

तिसरी, ॲस्पिरिन. रक्त पातळ राहावे म्हणून रोज 75 मिलिग्रॅमची. हिच्यावरही तसाच लेप, पण कारण उलटे. तिथे पोटापासून औषध वाचवायचे होते, इथे औषधापासून पोट वाचवायचे. कुटल्याने औषधाचे काम बिघडत नाही, पण पोटाला ते थेट झोंबते. तेव्हा जळजळीला दुसरेही कारण मिळाले. त्यांना पाण्यात विरघळणारी लिहून दिली. जाता जाता सांगून ठेवतो. हृदयविकाराचा झटका आल्याची शंका असताना डॉक्टर ॲस्पिरिन चावून खायला सांगतात, तिथे मात्र ती चावायचीच. त्या वेळी घाई हाच उद्देश असतो. ज्यांना ॲस्पिरिन वर्ज्य आहे त्यांची गोष्ट अर्थात वेगळी.

चौथी, मधुमेहाची मेटफॉर्मिन, नावापुढे एस.आर. असलेली. पुन्हा तीच वेसण, पुन्हा तीच फोड. अण्णांना होत असलेल्या मळमळीचा उलगडा झाला. तिच्या जागी साधी मेटफॉर्मिन, वाटून दोनदा. ह्या सावकाश गोळ्यांपैकी काहींची एक गंमत आहे. औषध पाझरून गेल्यावर त्यांचा सांगाडा तसाच शौचावाटे बाहेर पडतो. दरवर्षी दोघेतिघे तरी घाबऱ्याघुबऱ्या येऊन सांगतात, "गोळी जशीच्या तशी पडली हो!" पडू द्यावी. आतले औषध अंगात राहिलेले असते, पडते ते टरफल.

पाचवी कोलेस्टेरॉलची. तिचा लेप नुसता चवीपुरता आणि दिसण्यापुरता, ती कुटली तरी चालते. सहावी थायरॉइडची, तीही साधी. पण ती घ्यायची असते रिकाम्या पोटी, एकटीने. वहिनी ती सातव्या गोळीबरोबर, म्हणजे कॅल्शियमबरोबर, एकाच खलात कुटत होत्या. कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला पोटात धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. दोघांत चार तासांचे अंतर हवे. गिळण्याऐवजी कुटले ह्यापेक्षा सगळे एकत्र कुटले, हीच तिथली चूक होती. पुष्कळ घरांत गोळ्या वेगवेगळ्या गिळल्या जातात, पण कुटताना मात्र "एकदाच काय ते" म्हणून एकत्र होतात.

आठवी पट्टी मी हातात घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या नातसुनेकडे माझे लक्ष गेले. तिला तेव्हा चौथा महिना होता. आठवी गोळी होती फिनास्टराइड, म्हाताऱ्या पुरुषांच्या प्रोस्टेटच्या ग्रंथीसाठी देतात ती. ह्या गोळीची पूड गरोदर स्त्रीने हाताळू नये. ती त्वचेतून आत जाऊ शकते, आणि गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष निर्माण होण्याचा धोका असतो. अखंड गोळीला हात लागला तर काही होत नाही, वरचा लेप आड असतो. धोका असतो तो फुटलेल्या गोळीचा.

"सूनबाई, खलबत्ता तुम्ही कधी घेतला होता का हाती?"

"दोनतीनदा. आई देवळात गेल्या होत्या तेव्हा." तिचा आवाज एवढासा झाला.

मी तिला सांगितले की दोनतीनदा पूड हाताला लागली एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण तुमच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाला. तिने घातले, सोनोग्राफी नीट आली. पण नऊ महिने भरेपर्यंत वहिनींनी कितीदा मला जिन्यात अडवून तेच तेच विचारले, त्याची गणती नाही. मुलगी झाली. आता घरभर पळते. कॅन्सरवरच्या आणि मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांबद्दलही हेच ध्यानात असू द्या. त्या घरी कुणीही फोडू अथवा कुटू नयेत. घेणाऱ्यापुरताच हा प्रश्न नाही, खलबत्ता धरणाऱ्या हातांचाही आहे.

ओळखायचे कसे, असे तुम्ही विचाराल. नावामागे एस.आर., एक्स.आर., ई.आर., सी.आर., एक्स.एल. अथवा रिटार्ड अशी शेपटी दिसली, तर ती गोळी वेसणीची समजा. ई.सी. अथवा डी.आर. दिसले, तर लेप आतड्यापर्यंत पोचण्यासाठी आहे असे समजा. पण शेपटी नाही म्हणजे बिनधास्त कुटा, असे मात्र नव्हे. पँटोप्राझोलच्या नावाला पुष्कळदा कसलीच शेपटी नसते. दुसरे, आपल्याकडे औषधवाला कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवतो. नेमका नावाचा तुकडा त्याच्याकडे राहतो आणि मुदतीची तारीख शेजाऱ्याच्या पिशवीत जाते. पूर्ण पट्टी मागा. परवडत नसेल तर नावाची बाजू तरी मागून घ्या. आणि सरळ त्यालाच विचारा, "ही फोडली तर चालेल का?" शिकलेला फार्मासिस्ट असेल तर त्याला ह्या प्रश्नाचा रागच येत नाही, उलट बरे वाटते. गल्ल्यावर त्याचा भाचा बसलेला असेल तर डॉक्टरला विचारा.

आता अर्ध्या गोळीविषयी. हा कुटण्याचा धाकटा भाऊ. ज्या गोळीवर मधोमध रेघ आहे ती बहुधा अर्धी करता येते, पण बहुधाच. काही रेघा नुसत्या ओळखीसाठी असतात. रेघ नसेल तर फोडू नये हे बरे. उलट मेटोप्रोलॉलच्या काही सावकाश गोळ्या अशा असतात की आत शेकडो लहान कण असतात आणि प्रत्येक कणाला आपला स्वतंत्र लेप. त्या रेघेवर अर्ध्या केल्या तर चालतात, पण कुटल्या वा चावल्या तर नाही. घरोघर गोळी फोडण्याची हत्यारे मी पाहिली आहेत. भाजीची सुरी, विळी, दात, आणि एका ठिकाणी तर आजोबांचा अडकित्ता! अडकित्त्याने सुपारी छान फुटते. गोळीचे मात्र एक पाऊण होते, दुसरे पाव होते, आणि उरलेले कपाटाखाली जाते. रक्तदाबाच्या साध्या गोळीत असा थोडा फरक खपून जाईल. रक्त पातळ करणारी असिनोकूमॅरॉल, थायरॉइड, फेफऱ्यावरची औषधे, इथे तो खपत नाही. औषधवाल्याकडे गोळी कापायची लहानशी डबी मिळते, ती घ्या. नाहीतर त्याच औषधाची कमी ताकदीची गोळी मिळते का, ते आधी विचारा. आणि महिन्याच्या साऱ्या गोळ्या रविवारी बसून एकदम फोडून ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात फुटलेल्या गोळीला हवा लागते, ती भुसभुशीत होते. आज फोडलेला अर्धा आज, उरलेला अर्धा पुढच्या वेळी, एवढाच साठा ठेवावा.

लहान मुलांच्या आयांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. मोठ्यांची 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल घेऊन तिची चतकोर करणे हा निव्वळ अंदाज आहे. मुलाचा डोस वजनावर ठरतो, एका किलोला साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणून डॉक्टरने वजन करून सांगितलेले पातळ औषध मापाने द्यावे, आणि बाटलीवरची ताकद वाचून द्यावे. एका चमच्यात 125 मिलिग्रॅमची बाटलीही असते आणि 250 चीही. जुलाबात देतात त्या जस्ताच्या गोळ्या मात्र मुद्दाम विरघळण्यासाठीच केलेल्या असतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टर त्यातली अर्धी सांगतात, चमचाभर पाण्यात अथवा आईच्या दुधात.

दुधावरून आठवले. पूड दुधात कालवणे ही सर्वांची आवडती युक्ती, पण सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिनच्या जातीची औषधे दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि निम्मीशिम्मी फुकट जातात. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घेतात ती अलेंड्रोनेटची गोळी चघळू नये, चावू नये. अन्ननलिकेला तिने जखम होते. ती पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचे. आणि तुम्हाला ठसका लागत नसेल, नुसतीच गोळीची भीती वाटत असेल, तर कॅप्सूल गिळताना मान मागे टाकू नका. कॅप्सूल पाण्यावर तरंगते. मान थोडी पुढे झुकवून गिळलीत तर ती आपोआप मागे सरकते. जर्मनीत हायडेलबर्गच्या विद्यापीठातल्या लोकांनी 2014 साली हे करून पाहिले, आणि पुष्कळांना ते सोपे गेले. अण्णांसारख्या रोग्याने मात्र हे प्रयोग आपापले करू नयेत. त्यांना गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवले होते, आणि त्याचा गुण आला.

अण्णांची यादी आठावरून सहावर आली. दोन औषधे आता नकोतच, असे झडती घेताना लक्षात आले होते. उरलेल्यांपैकी जी कुटायची ती एकेक कुटली जाते, आणि खल पाण्याने धुऊन ते पाणीही त्यांना दाट करून पाजले जाते. तळाशी राहिलेली पूड हाही डोसच असतो. त्यासाठी चिनी मातीचा वेगळा लहान खल आणला आहे. पितळी खलबत्ता वेलचीजायफळाकडे परत गेला. लोणच्याची फोडही मी परत दिली आहे, मऊ भाताबरोबर, चेचून.

गेल्या दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा वहिनींनी चकली पुढे केली आणि म्हणाल्या, "अण्णांना हवीय. ही तरी कुटू ना, डॉक्टर?"

"कोरडी नको," मी म्हटले, "ठसका लागेल. दह्यात चांगली भिजू द्या."

अण्णा आतून म्हणाले, "आणि मध घालू नकोस म्हणावं."